व्हॉलीबॉलचं रोटेशन आणि सर्व्हिस रिसीव्ह: नव्या कोचकडून सारखे येणारे प्रश्न

टीम पहिल्यांदा हातात आली की साधारण पहिल्या दोन आठवड्यांत हेच प्रश्न येतात, मलाही हेच पडले होते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी घेतलेत आणि किचकट शेवटी, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. रोटेशन म्हणजे नेमकं काय आणि कधी फिरायचं?

समोरच्या टीमची सर्व्हिस होती, रॅली आपण जिंकली, म्हणजे आता सर्व्हिस आपल्याकडे आली, फक्त तेव्हाच सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक घर सरकायचं. आपलीच सर्व्हिस होती आणि पॉइंटही आपल्यालाच मिळाला तर कुणीही हलायचं नाही, तोच खेळाडू परत सर्व्हिस करतो. पॉइंट गेला तरी हलायचं नाही. नवीन पोरं नेमकी इथेच गडबडतात, प्रत्येक पॉइंटला फिरतात किंवा जिंकल्याच्या आनंदात फिरायचंच विसरतात. मी एकच वाक्य पाठ करून घेते: "सर्व्हिस ओढून आणली की फिरा."

२. नंबर असे विचित्र का आहेत? १ मागे उजवीकडे, मग २ त्याच्यापुढे, आणि आपण फिरतो उलटे?

नेटकडे तोंड करून उभे राहा. मागे उजवा कोपरा १, त्याच्या पुढे नेटजवळ २, पुढे मधे ३, पुढे डावीकडे ४, मागे डावीकडे ५, मागे मधे ६. हे नंबर म्हणजे सर्व्हिसची रांग आहे असं समजा. आत्ता १ वर असलेला सर्व्हिस करतो, पुढची पाळी २ वर उभ्या असलेल्याची, मग ३ ची. रांग पुढे सरकते म्हणून २ वाला १ वर येतो, ३ वाला २ वर, आणि १ वाला ६ वर जातो. बँकेत टोकन असतं ना, तसंच, टोकन ३ म्हणजे तुमच्या आधी दोघं आहेत. हे सांगितलं की नंबर उलटे वाटायचे थांबतात.

३. पोरांना सांगून सांगून थकलो, तरी मॅचमध्ये जागा विसरतात. शिकवायचं कसं?

फळ्यावर शिकवू नका, म्हणजे फळ्यावरून सुरुवात करू नका. फळ्यावरचे सहा गोल तुम्हाला वरून दिसतात, पोराला कोर्टावर फक्त समोरची पाठ आणि बाजूचा खांदा दिसतो. त्यामुळे "तू आता पाचवर" हे त्याच्या डोक्यात राहत नाही, "मी रोहनच्या मागे आणि नेहाच्या डावीकडे" हे राहतं. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर चालतं, जागा नाही, शेजारी पाठ करायचे. सहा जणांचा क्रम सेटभर बदलत नाही, तुमच्या आधी सर्व्हिस करणारा आणि तुमच्यानंतर करणारा कायम तेच दोघं असतात, मग लक्षात ठेवायला सोपं काय ते तुम्हीच ठरवा.

पहिल्या दिवशी मी बॉल बाहेर काढतच नाही. सहा जण उभे करते, टाळी वाजवली की एक घर सरकायचं, थांबल्यावर प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यांची नावं मोठ्याने सांगायची. १ वाला म्हणणार "माझ्यापुढे अमुक, डावीकडे तमुक". सहा टाळ्यांत एक चक्कर पूर्ण होते. दुसऱ्या चक्करला टाळीऐवजी मी ओरडते "पॉइंट आपला, सर्व्हिस आपली होती", आणि जो हलेल तो आउट. या खेळात पोरं इतकी हसतात की रोटेशन शिकतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मग तिसऱ्या चक्करला डोळे मिटून. हो, खरंच, डोळे मिटून सरकायचं आणि हाताने चाचपून शेजारी शोधायचा. धक्काबुक्की होते थोडी, पण दोन आठवड्यांनी मॅचमध्ये पोरगी मागे वळून बघते आणि "अगं तू माझ्या उजवीकडे पाहिजेस" म्हणते, तेव्हा कळतं की डोक्यात गेलंय.

४. ओव्हरलॅप म्हणजे काय? दर वेळी रेफ्री शिट्टी मारतात आणि मला कळतच नाही कोण चुकलं.

सर्व्हिस करणाऱ्याचा हात बॉलला लागतो त्या क्षणी रिसीव्ह करणारी (म्हणजे समोरची सर्व्हिस घेणारी) टीम आपल्या क्रमात उभी असली पाहिजे. क्रमात म्हणजे घरात नाही! कोर्टावर सहा चौकोन आखलेले नसतात, तुम्ही कुठेही उभे राहू शकता, फक्त शेजाऱ्याच्या हिशोबाने बरोबर बाजूला असलं पाहिजे.

पुढे-मागे तीन जोड्या आहेत: ४ च्या मागे ५, ३ च्या मागे ६, २ च्या मागे १. आणि आडव्या दोन रांगा: पुढे डावीकडून ४-३-२, मागे डावीकडून ५-६-१, या रांगेत डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडेच पाहिजे. बास, एवढंच. तिरक्या जोड्यांना काही बंधन नाही, म्हणजे ४ आणि ६ चं एकमेकांशी देणंघेणं नाही, ५ वाला ३ वाल्याच्या पुढे उभा राहिला तरी चालतं, फक्त तो ४ च्या मागे असला म्हणजे झालं.

मोजतात पाय, डोकं किंवा हात नाही. एका पावलाचा थोडासा भाग जरी बरोबर बाजूला असला तरी पुरतं. त्यामुळे पोरांना सांगा की शंका असेल तर एक पाय टाका तिकडे.

चुकलं तर पॉइंट आणि सर्व्हिस समोरच्यांना, आणि तुमची पोरं परत बरोबर जागी. रेफ्रीने हाताने गोल फिरवल्याची खूण केली की समजा हेच झालंय, पण गोंधळ नेहमी त्याच एक-दोन जोड्यांत असतो, बहुतेक वेळा सेटर (अटॅकसाठी बॉल उचलून देणारा) आणि त्याच्या बाजूचा (प्रश्न ९ बघा).

५. मग सेटर तर प्रत्येक वेळी नेटजवळ उजवीकडे दिसतो, आणि मिडल (नेटच्या मधून अटॅक आणि ब्लॉक करणारा) कायम मधे. ते कसं चालतं?

क्रमाचं बंधन सर्व्हिसच्या त्या एका क्षणापुरतं आहे. बॉलला हात लागला की पळा आपापल्या आवडत्या जागी, याला स्विच म्हणतात. फक्त मागच्या लाइनचा (१, ६, ५) खेळाडू पुढे पळाला म्हणून तो पुढच्या लाइनचा होत नाही, त्याची बंधनं त्याच्याबरोबरच जातात (प्रश्न १०). आणि रॅली संपली की परत क्रमात. नवीन टीमला स्विच लगेच शिकवू नका, आधी महिनाभर तरी जिथे आहेत तिथूनच खेळू द्या.

६. आधी कुठली सिस्टम शिकवू? सगळे म्हणतात ५-१ च खरी.

सगळे टीव्हीवर तेच बघतात म्हणून म्हणतात. पहिला आकडा अटॅक करणाऱ्यांचा, दुसरा सेटरचा. ५-१ मध्ये एकच सेटर सहाही रोटेशनमध्ये सेट करतो, त्यातल्या तीन वेळा तो मागच्या लाइनमध्ये असतो आणि तिथून पळत यावं लागतं. ६-२ मध्ये दोन सेटर समोरासमोर, म्हणजे क्रमात एकमेकांपासून तीन घरांवर, जो मागे असेल तो सेट करतो, म्हणजे पुढे कायम तीन अटॅकर, पण पळणं प्रत्येक वेळी. ४-२ मध्येही दोन सेटर, पण जो पुढच्या लाइनमध्ये असेल तो सेट करतो, पळापळ जवळजवळ नाहीच, अटॅकला मात्र दोघंच उरतात.

अगदी नव्या पोरांसाठी मी याच्याही आधीचं वापरते, ज्याची ३ वर पाळी तो सेटर. सगळे सगळं शिकतात, कुणाच्या हातात सेटिंग आहे ते तुम्हालाही कळतं. तिथून ४-२. पास, म्हणजे रिसीव्ह करून सेटरकडे दिलेला बॉल, तीनपैकी दोनदा तरी सेटरला दोन पावलांत गाठता येईल असा यायला लागला की मगच ५-१ चा विचार. पासच येत नसेल तर मागून पळत आलेला सेटर नुसता कोर्टभर बॉलच्या मागे धावतो आणि वैतागून रडतो, मी बघितलंय.

७. डब्ल्यू फॉर्मेशन कसं लावायचं? माझ्या ६ वाल्याला कळत नाही तो पुढे का.

पाच जण रिसीव्हला, सेटर (धरून चालू ३ वर) नेटजवळ. ४, ६ आणि २ हे नेटपासून साधारण साडेचार-पाच मीटरवर आडवे, आणि ५ व १ त्यांच्यामधल्या फटींमागे साधारण सात मीटरवर. वरून बघितलं तर इंग्रजी डब्ल्यूसारखं दिसतं म्हणून ते नाव.

६ वाला ५ आणि १ च्या पुढे आला म्हणून ओव्हरलॅप होत नाही, कारण एकाच रांगेत पुढे-मागे असण्याचं बंधन नाही, त्याला फक्त ३ च्या मागे आणि ५ व १ च्या मधे राहायचंय. पोराला विचारा "तुझ्यापुढे कोण?" तो म्हणेल "सेटर". मग झालं की.

एक गोष्ट नक्की शिकवा, पुढच्या तिघांनी छातीच्या वर येणारा बॉल सोडायचा. मागे माणूस उभा आहे कशासाठी! पुढचे मागे मागे सरकत वरून बॉल घ्यायला जातात आणि मागच्याच्या पायात पडतात, डब्ल्यूमधले निम्मे पॉइंट असे जातात.

८. पाचवरून चार किंवा तीन रिसीव्हरवर कधी जायचं? आणि बॉल दोघांच्या मधे पडला तर कुणाचा?

पाच जण म्हणजे झाकायला जागा कमी पण फटी जास्त, तीन जण म्हणजे फटी फक्त दोन पण प्रत्येकाला नऊ मीटर रुंदीचा तिसरा हिस्सा सांभाळायचा. टीममध्ये दोनच पोरं रिसीव्ह करायला घाबरत असतील तर त्यातल्या एकाला नेटजवळ किंवा बाजूला लपवा, झाले चार. असं हळूहळू. आकड्यासाठी आकडा कमी करू नका.

मधल्या बॉलचा नियम सर्व्हिस यायच्या आधी ठरलेला पाहिजे, नंतर "मला वाटलं ती घेईल" याला अर्थ नाही. मी असं ठरवते: आखूड बॉल असेल तर एकाचा, लांब असेल तर दुसऱ्याचा, दोघं एकाच वेळी गेले तरी एक पुढून आणि एक मागून जाणार, टक्कर नाही. आणि "मी!" हा आवाज बॉल नेट ओलांडायच्या आत आला पाहिजे. जो घेत नाही त्याने गप्प उभं राहायचं नाही, वळून घेणाऱ्याकडे बघायचं, बॉल लाइनच्या बाहेर जातोय का ते तोच सांगू शकतो.

९. ५-१ मध्ये सेटर मागे असताना रिसीव्हला कसं उभं करायचं? इथेच माझी सगळी गाडी अडते.

सगळ्यांचीच अडते. आधी क्रम लावा: सेटरच्या बरोबर समोर (क्रमात तीन घरांवर) ऑपोझिट, म्हणजे साधारण उजवीकडून मारणारा, आउटसाइडच्या, म्हणजे साधारण डावीकडून मारणाऱ्याच्या, समोर आउटसाइड, मिडलच्या समोर मिडल. म्हणजे सेटर १ वर असेल तर २ वर आउटसाइड अ, ३ वर मिडल अ, ४ वर ऑपोझिट, ५ वर आउटसाइड ब, ६ वर मिडल ब (त्याच्या जागी लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या लाइनमध्ये खेळणारा बचावाचा खेळाडू, प्रश्न ११). रिसीव्ह करणार दोन्ही आउटसाइड आणि लिबेरो, हे तिघं कायम. उरलेल्यांना फक्त लपायचंय.

सेटर १ वर: आउटसाइड ब डावीकडे, लिबेरो मधे, आउटसाइड अ उजवीकडे मागे येऊन रिसीव्हला. सेटर अ च्या मागे उजव्या लाइनजवळ. तो २ वाल्याच्या मागे आहे, ६ वाल्याच्या उजवीकडे आहे, झालं. मिडल आणि ऑपोझिट नेटजवळ, ऑपोझिट डावीकडे. या रोटेशनमध्ये ऑपोझिट डावीकडून मारतो आणि आउटसाइड अ उजवीकडून, ते त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पास झाल्यावर दोघं एकमेकांना क्रॉस करताना धडकतात.

सेटर ६ वर: आता ऑपोझिट ३ वर आहे, सेटरने त्याच्या पाठीला चिकटून पुढे यायचं. आउटसाइड ब (४) आणि लिबेरो (५) सेटरच्या डावीकडे, आउटसाइड अ (१) उजवीकडे. हे सगळ्यात सोपं, सेटरला तीन पावलं पळायचंय फक्त. लिबेरो मधे सरकताना सेटरच्या उजवीकडे जायला बघतो, तेवढं मात्र लक्ष ठेवा.

सेटर ५ वर: हे अवघड. सेटर डावीकडे ४ वरच्या मिडल ब च्या मागे नेटजवळ येतो आणि सर्व्हिस झाली की नेटच्या कडेने उजवीकडे धावतो. आउटसाइड ब (३) मिडलच्या उजवीकडे राहून मागे रिसीव्हला, आउटसाइड अ (६) त्याच्या मागे-उजवीकडे मधे, लिबेरो (१) उजवीकडे. आउटसाइड ब ला डावीकडे जास्त सरकायची सवय असते, आणि मिडल डाव्या लाइनला चिकटलेला नसेल तर ओव्हरलॅप नक्की. मी या रोटेशनमध्ये मिडलला सांगते की डावा पाय साइडलाइनवर ठेव, बाकी काही विचार करू नको.

पुढची तीन रोटेशन (४, ३, २) सेटर पुढच्या लाइनमध्येच असतो, त्याला कुणाच्या मागे लपावं लागत नाही, त्यामुळे ती आपोआप जमतात. सरावात वेळ वाटताना निम्मा वेळ एकट्या "सेटर ५ वर" ला द्या.

१०. सेटर मागच्या लाइनचा आहे आणि त्याने दुसऱ्या बॉलला नेटवरून टाकला तर?

तो थ्री मीटर लाइनच्या (नेटपासून तीन मीटरवरची आडवी रेघ) पुढे असेल आणि बॉल पूर्णपणे नेटच्या उंचीच्या वर असताना त्याने पलीकडे पाठवला तर फाऊल. उडी मारलीय की नाही याने फरक पडत नाही. लाइनच्या मागून उडी मारून मारला तर चालतो, बॉलचा काही भाग नेटच्या वरच्या कडेपेक्षा खाली असताना टाकला तरी चालतो. ब्लॉकमध्ये तर त्याने हात घालायचाच नाही. पास नेटला अगदी चिकटून आला की मागचा सेटर सवयीने हात वर करतो, समोरचा ब्लॉकर त्याच वेळी बॉलला लागतो आणि शिट्टी वाजते, आणि पोराला कळतही नाही त्याने काय केलं.

११. लिबेरो कधी आत, कधी बाहेर? आणि सर्व्हिस करू शकतो का?

एफआयव्हीबीच्या (आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ) नियमांत लिबेरो सर्व्हिस करत नाही, ब्लॉक करत नाही, आणि कोर्टाच्या कुठल्याही भागातून नेटच्या उंचीच्या वरचा बॉल मारत नाही. तो फक्त मागच्या लाइनमधल्या कुणाच्या तरी जागी येतो आणि ज्याच्या जागी आला तोच परत आत येतो. एका अदलाबदलीनंतर मधे एक रॅली पूर्ण झाली पाहिजे. या अदलाबदली सब्स्टिट्यूशनमध्ये मोजत नाहीत.

व्यवहारात असं होतं: लिबेरो मिडल ब च्या जागी ६ आणि ५ वर खेळतो, ४ वर जायची वेळ आली की बाहेर. त्याच वेळी मिडल अ १ वर सर्व्हिसला आलेला असतो. त्याची सर्व्हिस गेली की लिबेरो मिडल अ च्या जागी आत. मधली ती एक रॅली आपोआप मिळते. अजून एक बारकावा, लिबेरोने थ्री मीटर लाइनच्या पुढून बोटांनी वरून सेट दिला तर तो बॉल नेटच्या उंचीवरून मारता येत नाही. खालून हातांवर घेऊन दिला तर चालतो.

१२. सर्व्हिस करणाऱ्या टीमलाही ओव्हरलॅप लागतो का?

एफआयव्हीबीच्या २०२५-२८ च्या नियमांत सर्व्हिस करणाऱ्या टीमला कोर्टात कुठेही उभं राहायची मोकळीक दिलीय, सर्व्हिसचा क्रम मात्र पाळायचाच. पण सगळ्या स्पर्धा लगेच नवीन नियमांवर जात नाहीत, म्हणून मॅचच्या आधी रेफ्रीला सरळ विचारा. मी तरी पोरांना जुन्याच पद्धतीने शिकवते, म्हणजे कुठेही खेळलं तरी अडत नाही.

१३. लाइनअपची स्लिप (सेटच्या सुरुवातीला कोण कुठल्या नंबरवर ते लिहून दिलेला कागद) चुकली तर?

सेट सुरू व्हायच्या आधी लक्षात आलं तर दंड नाही, पण स्लिपवर जे लिहिलंय तेच खरं, पोरांना तसंच उभं राहावं लागतं. स्लिपवर लिहिलेल्यांपैकी कुणाला खेळवायचंच नसेल तर सब्स्टिट्यूशन करावं लागतं.

माझी पहिली स्पर्धा, मी स्लिप नेटच्या दुसऱ्या बाजूने बघत असल्यासारखी भरली, म्हणजे २ च्या जागी ४ आणि १ च्या जागी ५. सेकंड रेफ्री स्लिप हातात घेऊन एकेकाचा नंबर तपासत गेले आणि माझी सहापैकी चार पोरं चुकीच्या जागी निघाली. मी म्हटलं सर, स्लिप बदलते, ते म्हणाले मॅडम, पोरं बदला. सेटर २ ऐवजी ४ वर, सर्व्हिस पहिली भलत्याचीच, आणि अख्खा सेट ज्या क्रमात एकदाही सराव केला नव्हता त्या क्रमात खेळलो. तेव्हापासून स्लिपवर आधी वर बाण काढून "नेट" लिहिते, मग १ चं घर भरते, मग सर्व्हिसच्या रांगेने बाकीचे.

१४. चुकीच्या पोराने सर्व्हिस केली आणि नंतर कळलं, मग?

पॉइंट आणि सर्व्हिस समोरच्यांना, तुमचा क्रम दुरुस्त. चूक नेमकी कधीपासून चालू आहे हे स्कोअरशीटवरून ठरवता आलं तर तेव्हापासून तुम्ही मिळवलेले पॉइंट रद्द होतात, समोरच्यांचे राहतात. पाच पॉइंटची सर्व्हिस अशी पुसली गेली की पोरांचे चेहरे बघवत नाहीत. शंका आली तर कॅप्टनला सांगा, तो रॅली संपल्यावर रेफ्रीकडे क्रम तपासायची विनंती करू शकतो, तो त्याचा हक्क आहे. बहुतेक कॅप्टनना हे माहीतच नसतं.

१५. एकाच रोटेशनमध्ये सहा-सहा पॉइंट जातात. फॉर्मेशन बदलू का?

आधी बघा पॉइंट कसे जातायत. एकाच पोरावर सर्व्हिस येतेय? तर त्याला आत घ्या आणि बाजूच्याला जास्त जागा द्या, त्यासाठी अख्खं फॉर्मेशन मोडायची गरज नाही, एका पावलाचा प्रश्न असतो. सेटरच पोचत नाहीये? तर त्या एका रोटेशनपुरता सेट ऑपोझिटने द्यायचा असं आधीच ठरवून ठेवता येतं, अटॅक मंदावेल पण बॉल तरी पलीकडे जाईल. टाइमआउट सेटला दोनच, तीस-तीस सेकंदांचे, त्यामुळे तिसरा पॉइंट गेला की घ्या, सहावा जायची वाट बघू नका.

पुढच्या सेटला सुरुवातीचा क्रम एक-दोन घरं फिरवून लिहा, म्हणजे ते कमकुवत रोटेशन समोरच्यांच्या सगळ्यात जोरदार सर्व्हिससमोर येणार नाही. पण त्यांचा कोचही क्रम फिरवू शकतो, मग तोच सर्व्हर परत तुमच्या त्याच रोटेशनसमोर उभा दिसतो आणि तुम्ही बेंचवर कपाळाला हात लावून बसता.